थायरॉइडची रक्ततपासणी : तयारी एका रात्रीची नव्हे, सहा आठवड्यांची

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता चिचपल्लीचे जंगल ओलांडून मूल येथे पोचतो. चंद्रपूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावरील हे तालुक्याचे गाव धानाच्या बांध्यांनी वेढलेले आहे. आसपासच्या खेड्यांतील माणसाला रक्त तपासून घ्यावयाचे असेल, तर पहाटेची एस.टी. गाठून मूलला यावे लागते. काही तपासण्यांसाठी तर चंद्रपूरपर्यंत जावे लागते. त्यात एका दिवसाची मजुरी बुडते, रोवणीचे दिवस असतील तर बांधीतले कामही अडते. एवढे करून हाती आलेला अहवालच दिशाभूल करणारा निघाला, तर रुग्णाचा पैसा व श्रम वाया जातातच. शिवाय त्याच्या औषधाची मात्राही चुकते.

थायरॉइडच्या बाबतीत असे घडणे कठीण नाही. ‘उद्या रक्त द्यावयाचे आहे’ असे कळताच कोणी आठवडाभर विसरलेल्या गोळ्या घाईने सुरू करतो. ‘खरा आजार दिसला पाहिजे’ म्हणून कोणी दहा दिवस आधीच गोळी बंद करतो. कोणी घरून निघताना चहाच्या घोटाबरोबर गोळी घेतो आणि तासा-दोन तासांनी रक्त देतो. हेतू तिघांचाही चांगला असतो. परंतु तिघांच्याही अहवालांतून डॉक्टरांना खरे चित्र दिसत नाही. म्हणूनच या तपासणीची तयारी म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्रंथी आणि तिचा हाकारा

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. परंतु थायरॉइड हेच नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. अन्नातील आयोडीन घेऊन ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असल्याने त्यास टी-४ असे म्हणतात. शरीरातील पेशी त्याचे रूपांतर टी-३ या अधिक प्रभावी संप्रेरकात करतात. शरीराची ऊब, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, मुलांची वाढ व बुद्धीचा विकास या साऱ्यांवर या संप्रेरकांचे नियंत्रण असते. ती कमी पडली की थकवा येतो, थंडी सोसवत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठता जडते, केस गळतात, त्वचा कोरडी पडते.

या ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोष ग्रंथी टी.एस.एच. नावाचे दुसरे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. बांधीला पाणी कमी पडले की शेतकरी तलावावरील पाटकऱ्याला हाक घालतो. पाणी जितके कमी, तितकी हाक मोठी. टी.एस.एच. ही तशीच हाक आहे. म्हणून टी.एस.एच. वाढलेले असेल तर बहुधा थायरॉक्सिन कमी पडत आहे असे समजावे, आणि टी.एस.एच. फार घटलेले असेल तर ते गरजेपेक्षा जास्त मिळत आहे असे समजावे. प्रौढ व्यक्तीत टी.एस.एच.चे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे ०.४ ते ४ मिली युनिट असते. प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ही मर्यादा थोडी बदलते. म्हणून अहवालावर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

या विकाराचा प्रसार लहान नाही. मुंबईसह देशातील ८ शहरांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची न्यूनता आढळली होती. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक असते.

शंभर वर्षांहून अधिक जुनी वाटचाल

या विकारावर एके काळी उपायच नव्हता. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केला. ती स्त्री त्यानंतर सुमारे २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजण्याची पद्धती मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या संशोधनातून हाती आली. या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते. आज मूलसारख्या गावातील रुग्णास एक लहानशी गोळी व एक रक्तचाचणी यांच्या आधारे निरोगी माणसासारखे आयुष्य जगता येते, त्यामागे एवढी साधना आहे. अट एकच : गोळी आणि चाचणी या दोहोंचा मेळ बसला पाहिजे.

सहा आठवडेच का ?

लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथीत तयार होणारे टी-४ हेच संप्रेरक, प्रयोगशाळेत बनविलेले. रक्तातील त्याचा निम्मा साठा संपण्यास सुमारे ७ दिवस लागतात. गोळी नव्याने सुरू केली किंवा तिची मात्रा बदलली, तर रक्तातील प्रमाण नव्या पातळीवर स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जावे लागतात. पोष ग्रंथीही आपली हाक सावकाश बदलते. त्यामुळे मात्रा बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासावे, असा नियम आहे. पंधरा दिवसांतच तपासणी केल्यास अर्धवट भरलेल्या तलावाची पातळी मोजल्यासारखे होते.

मात्रा एकदा जुळली की पुढील तपासणी चार ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर सामान्यतः वर्षातून एकदा केली जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टी.एस.एच.चा आकडा हा कालच्या गोळीचा हिशेब नसून गेल्या दीड महिन्याचा असतो. समजा, एका रुग्णाने महिनाभर गोळ्या अधूनमधून चुकविल्या आणि तपासणीपूर्वी चार दिवस नियमाने घेतल्या. त्याच्या रक्तातील टी-४ तेवढ्यात सुधारलेले दिसेल, परंतु टी.एस.एच. वाढलेलेच राहील. असा विसंगत अहवाल आला की अनुभवी डॉक्टर ‘गोळ्या रोज घेता काय ?’ असे विचारतात. अशा वेळी संकोचाने ‘होय’ म्हटले, तर गोळी कमी पडते असे समजून मात्रा वाढविली जाण्याचा संभव असतो. पुढे हाच रुग्ण वाढीव गोळी नियमित घेऊ लागला, तर छातीत धडधड, हातास कंप, झोपमोड असे त्रास सुरू होतात. वयस्क माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होणे व हाडे ठिसूळ होणे, हे धोकेही संभवतात. गोळ्या चुकल्या असतील तर त्या किती चुकल्या हे मोकळेपणाने सांगण्यातच रुग्णाचे हित आहे.

तपासणीपूर्वी काही दिवस गोळी बंद ठेवणे हेही तितकेच अयोग्य. दहा दिवसांत निम्म्याहून अधिक साठा संपतो. जो आकडा येतो तो बंद गोळीचा असतो. चालू मात्रा पुरेशी आहे की नाही, या डॉक्टरांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तपासणीची सकाळ

तपासणीच्या दिवशी गोळी मात्र रक्त दिल्यानंतर घ्यावी. गोळी पोटात गेल्यावर दोन ते चार तासांत रक्तातील मुक्त टी-४ चे प्रमाण तात्पुरते चढते. ही वाढ १५ ते २० टक्क्यांपर्यंत असू शकते. पहाटे साडेपाचला गोळी घेऊन साडेआठला रक्त दिल्यास नेमका हा चढच अहवालात उतरतो. गोळीची डबी सोबत न्यावी, रक्त द्यावे, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या ते एक तासाने न्याहारी करावी, हे सर्वांत सोयीचे.

चुकून गोळी आधीच घेतली असेल तर परत गावी जाण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या गोळीने टी.एस.एच.मध्ये लक्षणीय फरक पडत नाही. गोळी किती वाजता घेतली ते रक्त घेणाऱ्यास सांगून कागदावर नोंदवून घ्यावे, म्हणजे टी-४ चा आकडा वाचताना डॉक्टर ते ध्यानात घेतील. पोष ग्रंथीच्या विकारामुळे ज्यांचे थायरॉइड मंदावले आहे, त्यांच्या बाबतीत मात्र टी.एस.एच.वर विसंबता येत नाही व मुक्त टी-४ वरच मात्रा ठरते. अशा रुग्णांनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

या तपासणीसाठी उपाशी राहणे सक्तीचे नाही. परंतु टी.एस.एच. दिवसभर सारखे राहत नाही. ते रात्री व पहाटे अधिक आणि दुपारी कमी असते. म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी, आणि एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. तसे केल्यास मागील व आजच्या आकड्यांची तुलना करता येते. साखर किंवा रक्तातील चरबीची तपासणी त्याच वेळी व्हावयाची असल्यास उपाशीपोटी जावे लागते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी किती वेळ उपाशी राहावे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. साधे पाणी पिण्यास हरकत नाही.

झोपेचाही या आकड्याशी संबंध आहे. जागरणाने टी.एस.एच. काहीसे वाढते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्रभर रंगतात. रसिकांनी नाटक जरूर पाहावे. मात्र त्याच सकाळी थेट रक्त देण्यास जाऊ नये.

लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जाते. चहा, कॉफी, दूध, सोयाबीनचे पदार्थ यांच्याबरोबर घेतल्यास तिचा काही भाग वाया जातो. सर्वांत मोठी अडचण लोह व कॅल्शियम यांची. हे दोन्ही घटक पोटात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात. त्यांच्यात व थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे.

हा मुद्दा गरोदर मातांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. रक्तक्षय टाळण्यासाठी त्यांना शासनाकडून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते, तसेच कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात. या सर्व गोळ्या आवश्यकच आहेत; त्यांतील एकही बंद करावयाची नाही. परंतु कामाच्या घाईत त्या एकाच वेळी तोंडात टाकल्या, तर थायरॉइडची गोळी रोज घेऊनही टी.एस.एच. वाढलेलेच राहते. त्याऐवजी दिवसाची आखणी अशी करता येईल : पहाटे ५ वाजता थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, ६ वाजता चहा-न्याहारी, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, सायंकाळी ४ च्या सुमारास लोहाची गोळी, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी गोळी. लोह व कॅल्शियम हेही एकमेकांना अडवीत असल्याने त्यांतही दोन तासांचे अंतर या आखणीत सांभाळले जाते. बांधीवर जाणाऱ्या स्त्रीलाही ही वेळापत्रिका पाळता येण्यासारखी आहे.

गर्भाच्या मेंदूची घडण पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गर्भाची स्वतःची ग्रंथी त्या वेळी पुरेशी कार्यक्षम झालेली नसते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकून गर्भधारणा ठरताच, पुढील ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. या काळात बहुतेक स्त्रियांना गोळीची मात्रा वाढवावी लागते. गरोदरपणाच्या पूर्वार्धात साधारण दर चार आठवड्यांनी टी.एस.एच. पाहिले जाते. प्रसूतीनंतर मात्रा पुन्हा कमी करतात व सहा आठवड्यांनी तपासणी करतात. ज्यांना या विकाराचा धोका अधिक, अशा गरोदर स्त्रियांच्या तपासणीबाबत केंद्र शासनाने २०१४ साली मार्गदर्शक सूचनाही प्रसृत केल्या आहेत.

आकडा बिघडविणाऱ्या इतर गोष्टी

थायरॉइड मंदावले की केस गळतात. केस गळतात म्हणून अनेक जण बाजारातील ‘केस-नखांच्या’ गोळ्या घेतात. त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. ते शरीराला अपाय करीत नाही. परंतु काही तपासणी यंत्रांच्या रासायनिक प्रक्रियेत अडथळा आणते. अशा वेळी टी.एस.एच. प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-४ जास्त दिसते. गोळी जास्त होत आहे असा समज होऊन मात्रा घटविली जाते आणि केस गळणे वाढते. म्हणून बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद करावे. त्याची मात्रा मोठी असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबावे.

आम्लपित्तावरील गोळ्या व पातळ औषधे थायरॉक्सिनचे शोषण कमी करतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांमुळे शरीरातील थायरॉक्सिन लवकर खर्च होते. लिथियम व हृदयविकारावरील अमिओडेरॉन यांचा ग्रंथीवरच परिणाम होतो. स्टेरॉइडमुळे टी.एस.एच. घटते, संततिप्रतिबंधक गोळ्यांमुळे एकूण टी-४ वाढलेले दिसते. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. घरात चालू असलेल्या सर्व औषधांच्या डब्या व पाकिटे, वैद्यांनी दिलेल्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी आपला आजार आवर्जून सांगावा आणि लोहाची गोळी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. मोठा ताप, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांसारख्या आजारपणात थायरॉइडचे आकडे तात्पुरते बदलतात. तातडीची गरज नसेल तर पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करावी.

उन्हाळा आणि गोळीची डबी

चंद्रपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली भट्टीसारखी तापते. थायरॉक्सिन हे उष्णता, उजेड व दमटपणा यांनी क्षीण होणारे औषध आहे. डबी खिडकीत, चुलीजवळ किंवा छपराच्या खाली फळीवर ठेवल्यास गोळी दिसते तशीच, पण तिचा गुण उणावतो. घरातील सर्वांत थंड, कोरड्या व अंधाऱ्या कोपऱ्यात, मूळ डबीतच गोळ्या ठेवाव्यात. माठाजवळ गारवा असला तरी ओलही असते. ती जागा टाळावी. गोळीची कंपनी बदलली असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, म्हणजे सहा आठवड्यांनी तपासणी करून मात्रेची खात्री करता येते. २५, ५०, ७५, १०० हे डबीवरील आकडे मायक्रोग्रॅमचे असतात. दुकानातून गोळ्या घेताना ते वाचून पाहावेत.

शासकीय सोय

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. गरोदर मातांसाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस विशेष तपासणी होते. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही कार्यरत आहे. रक्ताचा नमुना कोणत्या दिवशी व किती वाजेपर्यंत घेतला जातो, तपासणी तेथेच होते की नमुना बाहेर पाठविला जातो आणि अहवाल केव्हा मिळतो, एवढे आशाताई किंवा आरोग्य सेविका यांच्याकडून आधी विचारून घेतल्यास एक हेलपाटा वाचतो.

लक्षात ठेवण्याजोगे

१. तपासणीपूर्वी सहा आठवडे गोळी रोज, ठरलेल्या वेळी, रिकाम्या पोटी घ्यावी. एखादी विसरल्यास कॅलेंडरवर खूण करावी. विचारल्याखेरीज दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

२. तपासणीसाठी गोळी बंद करू नये. फक्त त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

३. लोह, कॅल्शियम व आम्लपित्ताची औषधे चार तासांच्या अंतराने घ्यावीत.

४. बायोटिनयुक्त गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात.

५. मागील अहवाल, सर्व औषधे आणि चुकलेल्या गोळ्यांचा खरा हिशेब सोबत न्यावा.

६. अहवालातील आकडा पाहून स्वतःच मात्रा कमी-अधिक करू नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि थायरॉइडच्या कर्करोगावर उपचार घेतलेले रुग्ण यांच्यासाठी योग्य पातळी वेगवेगळी असते.

रक्त काढण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु त्या दोन मिनिटांत घेतलेला नमुना गेल्या दीड महिन्याची साक्ष देत असतो. ती साक्ष खरी उतरली, तर पुढील अनेक महिन्यांची मात्रा बिनचूक ठरते. पहाटेच्या एस.टी.ने मूल गाठणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा तो एक दिवस सत्कारणी लागावा, यासाठी घरातील कॅलेंडरवर रोज एक खूण करण्याची सवय आजपासूनच लावून घेणे श्रेयस्कर ठरेल.